पीडीएफच्या पोटातल्या दोन वह्या

गिरगावातल्या एका वाचनालयाचे काम पाहणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. वाचनालयाने जुने दिवाळी अंक, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका स्कॅन करून घेतल्या, जवळपास चारशे पीडीएफ झाल्या. संगणकावर लिनक्स मिंट आहे. फाइलला मराठीत नाव दिले तरी ती उघडल्यावर वरच्या पट्टीत 'स्कॅन ००४७' दिसते, लेखकाच्या जागी स्कॅनिंगच्या दुकानातल्या ऑपरेटरचे नाव येते. काही अंकांची पाने कार्यकर्त्यांनी घरी मोबाइलवर काढली आहेत. त्यांतून कोणाच्या घराचा ठावठिकाणा बाहेर जात नाही ना, ही दुसरी काळजी. विकतचे सॉफ्टवेअर न घेता हे सगळे नीट करता येईल का?

येईल, ताई. चारशे फाइलींचे काम दोन-तीन शनिवारांत होईल, आणि त्यातला बराच वेळ संगणकासमोर नव्हे, तर नावे आणि साल ठरवण्यात जाईल. मी दादरला पंधराएक वर्षे छपाईपूर्व जुळणीचे काम करतो आणि त्यातली शेवटची दहा वर्षे लिनक्सवरच. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत, ती आधी सोडवून घेऊ. योग्य नोंद घालणे हे ग्रंथपालाचे काम. नको ती नोंद पुसणे हे वेगळे काम, त्याची साधने वेगळी आणि त्यातल्या चुकाही वेगळ्या. नोंद घालताना चूक झाली तर पुन्हा लिहिता येते. पुसताना चूक झाली तर आपल्याला वाटते पुसले, आणि ते तिथेच असते.

पुढे आज्ञा फोनवर सांगाव्यात तशा नागरीत लिहितो. टंकताना त्या रोमन अक्षरांत टाका.

पहिली गोष्ट म्हणजे पीडीएफमध्ये फाइलविषयीची ही नोंद, म्हणजे मेटाडेटा, एका जागी नसते. तिच्या पोटात दोन वह्या असतात. जुनी वही म्हणजे 'इन्फो डिक्शनरी'. शीर्षक, लेखक, विषय, कीवर्ड, फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये तयार झाली, कोणत्या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ केली, कधी झाली आणि कधी बदलली, एवढेच मोजके रकाने तिच्यात. दुसरी वही 'एक्सएमपी', अडोबीने २००१ मध्ये आणलेली, एक्सएमएलमध्ये लिहिलेली आणि हवी तेवढी वाढवता येणारी. २०१७ च्या पीडीएफ २.० च्या मानकाने जुन्या वहीतले तारखांचे दोन रकाने सोडून बाकीचे बाद ठरवले. पण आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक फाइलींत अजून दोन्ही वह्या असतात. कोणता व्ह्यूअर, म्हणजे फाइल दाखवणारा प्रोग्रॅम, कोणती वही वाचेल याचा नेम नाही. म्हणून एका ठिकाणी दुरुस्त केलेले शीर्षक दुसऱ्या मोबाइलवर जुनेच दिसते आणि माणूस समजतो की बदल झालाच नाही.

त्यामुळे काहीही बदलण्याआधी दोन्ही वह्या वाचा. त्यासाठी माझे रोजचे साधन 'एक्झिफटूल'. फिल हार्वी यांनी २००३ पासून चालवलेला, पर्लमध्ये लिहिलेला हा मुक्त प्रोग्रॅम आहे. मिंट, उबंटू आणि डेबियनवर त्याचे पॅकेज 'लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल' या नावाने मिळते, नुसते एक्झिफटूल शोधून काही वेळा सापडत नाही म्हणून हे सांगितले. बसवल्यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, एक्झिफटूल, मग वजा ए, मग वजा मोठा जी आणि त्याला जोडून एक, मग फाइलचे नाव. वजा ए दिले नाही तर सारख्या नावाचे रकाने एकदाच दाखवले जातात आणि दुसरी वही झाकली जाते. मोठ्या जीमुळे प्रत्येक ओळीच्या आधी ती कोणत्या वहीतली आहे ते कळते.

आता एक फसवी जागा, हिने मला पहिल्या वर्षी फार त्रास दिला. जुन्या वहीत 'ऑथर' म्हणजे लेखक, आणि 'क्रिएटर' म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये मूळ दस्तऐवज बनला तो प्रोग्रॅम, उदाहरणार्थ लिबरऑफिसचा रायटर. नव्या वहीतला 'डीसी' गटातला 'क्रिएटर' मात्र माणूस, म्हणजे लेखक. तीच गत 'सब्जेक्ट'ची. जुन्या वहीत सब्जेक्ट म्हणजे विषयाचे एक वाक्य, नव्या वहीत डीसी सब्जेक्ट म्हणजे कीवर्डांची यादी. विषयाचे वाक्य तिथे 'डिस्क्रिप्शन'मध्ये जाते. याचे कारण असे की नव्या वहीने हे शब्द डब्लिन कोअरमधून, म्हणजेच डीसीमधून घेतले. इंटरनेटवरच्या साहित्याच्या नोंदींसाठी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावी झालेल्या ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञांच्या बैठकीतून निघालेली ती पद्धत आहे. म्हणजे ती तुमच्याच क्षेत्रातून आली आहे, कॅटलॉग कार्डे लिहिणाऱ्याला ती चटकन उमगते. जुने रकाने छपाईवाल्यांच्या बाजूने आले. दोघांचे शब्द सारखे आणि अर्थ वेगळे. म्हणून आज्ञा देताना नुसते 'टायटल' किंवा 'क्रिएटर' असे मोघम लिहू नका, गटाचे नाव जोडूनच लिहा: पीडीएफ विसर्ग टायटल, आणि एक्सएमपी-डीसी विसर्ग टायटल (विसर्ग म्हणजे इंग्रजी कळफलकावरचा कोलन). दोन्ही एकाच आज्ञेत देता येतात.

काही जण 'पीडीएफटीके' सुचवतील. चांगले साधन आहे, पण शीर्षक बदलताना ते फक्त जुनी वही बदलते, नवीला हात लावत नाही. शिवाय मराठीसाठी त्याच्या 'अपडेट इन्फो' ऐवजी 'अपडेट इन्फो यूटीएफ८' (यूटीएफ८ म्हणजे युनिकोड लिहिण्याची पद्धत) ही आज्ञाच वापरावी लागते, नोंद बाहेर काढतानाही यूटीएफ८ वालीच. साधी आज्ञा दिली की प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी आकड्यांची मालिका दिसते. ग्राफिक खिडकी हवी असेल तर 'पीडीएफ अरेंजर'मध्ये गुणधर्म बदलण्याची सोय आहे. एक-दोन फाइलींसाठी तेच सोपे. एक मात्र करू नका. पीडीएफ लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून, शीर्षक बदलून पुन्हा निर्यात करू नका. देवनागरी जोडाक्षरे तुटतात, मात्रा सरकतात आणि चांगला अंक बिघडतो.

ज्या फाइली तुम्ही स्वतः बनवता, म्हणजे यंदाचा अहवाल, सभेचे इतिवृत्त, त्यांची नोंद पीडीएफ झाल्यावर नव्हे तर मुळातच लिहा. रायटरमध्ये फाइल मेनूतून प्रॉपर्टीज उघडा, डिस्क्रिप्शनच्या पानावर शीर्षक, विषय आणि कीवर्ड भरा, मग पीडीएफ निर्यात करा. निर्यातीच्या खिडकीत 'दस्तऐवजाचे शीर्षक दाखवा' अशी खूण असते. ती केली की वरच्या पट्टीत फाइलच्या नावाऐवजी शीर्षक येते.

हे मी शिकलो ते एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत. आदल्या वर्षी दुसऱ्या मंडळासाठी केलेली फाइल उघडली, मजकूर काढला, मांडणी तशीच ठेवली आणि नवी स्मरणिका त्यात भरली. चोवीस तासांत काम संपवायचे होते. पीडीएफ समितीच्या सगळ्यांना पाठवली. त्यांनी ती ब्राउझरमध्ये उघडली तर टॅबवर दुसऱ्या मंडळाचे नाव. पानांवर कुठेही चूक नव्हती. पण समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे विचारले, 'आमची स्मरणिका तुम्ही त्यांच्यासाठी केली होती का?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून जुनी फाइल नव्या कामाला घेतली की प्रॉपर्टीजमधले 'रीसेट प्रॉपर्टीज' हे बटण आधी दाबतो. त्याने बनवल्याची तारीख आजची होते, आवृत्तीचा आकडा एकवर येतो आणि एकूण संपादनाचा वेळ शून्य होतो. शीर्षक मात्र त्याने बदलत नाही, ते हाताने बदलावे लागते.

आता चारशे फाइली. एकेक उघडून बदलू नका. एक्झिफटूल सगळ्यांची नोंद एका तक्त्यात काढून देतो, तो तक्ता लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये भरायचा आणि परत घालायचा. आधी सगळ्या मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग त्या फोल्डरमध्ये एक्झिफटूल, वजा सीएसव्ही, वजा मोठा जी एक, मग हवे ते रकाने, आणि बाणाच्या चिन्हाने सगळे एका सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये वळवा. पहिला रकाना 'सोर्सफाइल' असतो, त्यात फाइलचा मार्ग. त्याला हात लावायचा नाही, परत घालताना कोणती ओळ कोणत्या फाइलची ते त्यावरूनच कळते. एखादा रकाना कुठल्याच फाइलमध्ये भरलेला नसेल तर तो तक्त्यात येणार नाही. त्याचे नाव शीर्षकाच्या ओळीत आपण लिहायचे.

कॅल्क उघडताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करा. जोडअंकाचा क्रमांक तिरकी रेघ देऊन लिहिलात तर कॅल्क त्याला तारीख समजू शकते. जतन करतानाही सीएसव्ही आणि यूटीएफ-८ च ठेवा. भरताना एक नियम लक्षात असू द्या: रिकामा रकाना म्हणजे 'पुसा' नव्हे, 'जसे आहे तसे राहू द्या'. ऑपरेटरचे नाव घालवायचे म्हणून तो रकाना रिकामा ठेवलात तर ते नाव तसेच राहील. पुसायचे असेल तिथे एक आडवी रेघ लिहा आणि परत घालताना आज्ञेत वजा एफ जोडा. कीवर्ड एकापेक्षा जास्त असतील तर वजा सेप देऊन स्वल्पविराम हा विभाजक असल्याचे सांगा, नाहीतर सगळे कीवर्ड मिळून एकच लांब शब्द होतो.

परत घालण्याची आज्ञा: एक्झिफटूल, वजा सीएसव्ही, त्याला जोडून बरोबरचे चिन्ह आणि तक्त्याचे नाव, मग एक टिंब, म्हणजे चालू फोल्डर. पहिल्या खेपेला पाचच फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन करून बघा. एक्झिफटूल प्रत्येक मूळ फाइल नावापुढे 'ओरिजिनल' जोडून बाजूला ठेवतो. चारशेचे आठशे झाले म्हणून घाबरू नका, खात्री झाल्यावर त्या काढून टाका. फाइलची बाहेरची बदलाची तारीख तशीच ठेवायची असेल तर वजा मोठा पी द्या.

तक्त्यात काय लिहायचे, हा भाग मला तंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि मराठीत तो सोपा नाही.

जुन्या डीटीपीच्या काळातल्या फाइलींत शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसेल. फाइल बिघडलेली नाही. ती श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटवर टंकलेली आहे. त्या काळी रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. पानावरच्या मजकुराला फाँट असतो म्हणून तो मराठी दिसतो. मेटाडेटाला फाँट नसतो, तिथे फक्त अक्षरांचे संकेतांक असतात, म्हणून तिथे ते उघडे पडते. अशी शीर्षके युनिकोडमध्ये नव्याने टंकावीत. रूपांतरणाच्या साधनांवर विसंबून सोडून दिली तर रफार आणि वेलांटीच्या चुका राहतात.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. 'ॲड.' मधला ॲ २००८ पासून स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, त्याआधी अ वर चंद्र देऊन लिहीत. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत. 'दर्‍या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच. एकात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, दुसऱ्यात मुळातच ऱ. तुमच्या तिघा कार्यकर्त्यांनी तीन कळफलकांवर नावे टंकली तर शोध घेताना काही फाइली सापडणारच नाहीत, आणि का सापडत नाहीत हे कोणाला कळणार नाही. म्हणून तक्ता पूर्ण झाल्यावर कॅल्कमध्ये शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. आकड्यांचेही ठरवा: साल देवनागरीत की रोमन आकड्यांत. मी शीर्षकात देवनागरी आणि कीवर्डांत दोन्ही ठेवतो, कारण मोबाइलवर शोधणारा बहुधा रोमन आकडे टाकतो.

फाइलच्या नावातच सगळे का लिहू नये, असे तुमच्या मनात येईल. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हे. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. 'स्मरणिका' हे चार अक्षरांचे, पण त्यात आठ चिन्हे, २४ बाइट झाले. संस्थेचे नाव, अंकाचे नाव, साल आणि विशेषांकाचा विषय लिहिला की नाव संपते. माझी पद्धत अशी: फाइलचे नाव छोटे, दाखलक्रमांक आणि साल एवढेच. पूर्ण नाव शीर्षकात, संपादक लेखकाच्या जागी, बाकी कीवर्डांत. नव्या वहीत शीर्षक एकापेक्षा जास्त भाषांत ठेवता येते, पण ते दाखवणारे व्ह्यूअर फारच थोडे, त्यावर वेळ घालवू नका.

सालाबद्दल एक आग्रहाची सूचना. पीडीएफमधली 'क्रिएशन डेट' ही फाइल बनल्याची तारीख आहे, अंक निघाल्याची नव्हे. मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जाणारा 'मनोरंजन'चा अंक १९०९ चा, तर पीडीएफ हा प्रकारच १९९३ चा. त्या रकान्यात १९०९ घालणे म्हणजे कॅटलॉग कार्डावर पुस्तकाच्या प्रकाशनाच्या जागी बांधणीची तारीख लिहिण्याची उलट चूक. अंकाचे साल नव्या वहीतल्या डीसी डेटमध्ये लिहा आणि शीर्षकातही लिहा, कारण डीसी डेट बहुतेक व्ह्यूअर दाखवतच नाहीत. स्कॅन कधी झाले, हीसुद्धा उद्याच्या अभ्यासकाला लागणारी माहिती आहे. ती मोडू नका.

तुमच्या स्कॅनमधला मजकूर शोधता यावा म्हणून पुढे चित्रातली अक्षरे ओळखणारे (म्हणजे ओसीआर करणारे) 'ओसीआरमायपीडीएफ' मराठी भाषा देऊन चालवणार असाल, आणि चालवाच, तर शीर्षक आणि लेखक त्याच आज्ञेत देता येतात. त्यातून निघणारी फाइल आपसूक पीडीएफ-ए प्रकारची असते, म्हणजे दीर्घकाळ जपण्याच्या मानकाची. त्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही वह्यांतली नोंद एकमेकींशी जुळलीच पाहिजे असा दंडक आहे. म्हणून नंतर एकीतच बदल करू नका, फाइल उघडेल, पण मानकात न बसण्याचा धोका राहतो.

आता पुसण्याचे काम. इथे सावकाश वाचा.

एक्झिफटूल पीडीएफमधली नोंद बदलतो तेव्हा जुनी नोंद खोडत नाही. फाइलच्या शेवटी नवी नोंद जोडतो आणि 'आता ही वाचा' असे सांगतो. जुन्या जमाखर्चात चुकीच्या नोंदीवर रेघ मारून खाली नवी लिहीत, तसेच. म्हणून वजा ऑल आणि त्याला जोडून बरोबरचे चिन्ह देऊन सगळे पुसले तरी ऑपरेटरचे नाव फाइलमध्ये असतेच, आणि एक्झिफटूलच्याच 'पीडीएफ-अपडेट' या आज्ञेने कोणीही ते परत आणू शकतो. प्रोग्रॅम तसा इशाराही देतो, पण चारशे ओळींत तो कोण वाचतो? उपाय सोपा आहे. पुसल्यावर फाइल 'क्यूपीडीएफ' या मुक्त साधनातून 'लिनिअराइझ' हा पर्याय देऊन नव्या नावाने काढा. ती फाइल नव्याने लिहिली जाते, आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही तो जुना भाग मागे राहतो. बाहेर द्यायची ती ही नवी फाइल. बाजूला ठेवलेल्या 'ओरिजिनल' फाइली चुकून त्याच पेनड्राइव्हवर जाणार नाहीत, एवढे पाहा.

घरच्या पत्त्याची तुमची काळजी योग्य आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहिले जातात, इमारत ओळखता येईल इतके नेमके. ते फोटो 'इमेज-टू-पीडीएफ'सारख्या साधनाने जोडले तर जेपेग जशीच्या तशी आत जाते, तिच्यातल्या नोंदीसकट. वरच्या दोन्ही वह्या कोऱ्या केल्या तरी पानाच्या चित्रात घर शाबूत. तपासायला 'पीडीएफइमेजेस' वजा ऑल देऊन चित्रे बाहेर काढा आणि त्यांवर एक्झिफटूल चालवा. पत्ता सापडला तर मूळ फोटो साफ करून पीडीएफ पुन्हा बनवणे हाच सरळ मार्ग. फोटो साफ करतानाही सगळे सरसकट पुसू नका. पान उभे की आडवे ही नोंद आणि रंगांची नोंदही त्याबरोबर जाते, मग अर्धी पाने आडवी पडतात. सगळे पुसून फक्त 'ओरिएंटेशन' आणि 'आयसीसी प्रोफाइल' त्याच फाइलमधून परत घेण्याची सोय एक्झिफटूलमध्ये आहे, ती वापरा.

'मॅट२' हे खास पुसण्यासाठीचे साधन आहे, त्याची खिडकीवाली आवृत्ती 'मेटाडेटा क्लीनर'. गुप्तता जपणाऱ्या टेल्स या लिनक्समध्ये मॅट२ आधीपासूनच असते. पुसण्यात ते कडक आहे, पण पीडीएफचे प्रत्येक पान ते चित्रात बदलते. ओसीआरने मिळवलेला मजकूर जातो आणि फाइल फुगते. त्याची हलकी पद्धत मजकूर राखते, पण तेवढे खोलवर पुसत नाही. तुमच्या अंकांसाठी मी मॅट२ वापरणार नाही. एखाद्या तक्रारदाराचे पत्र बाहेर द्यायचे असेल तर जरूर वापरेन.

वर्ड आणि रायटरच्या फाइलींत आणखी पुष्कळ असते. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीचा अहवाल वर्ड फाइलच्या रूपात प्रसिद्ध केला, आणि ती फाइल कोणाकोणाच्या हातून गेली ती नावे तिच्यातल्या बदलांच्या नोंदीत सापडली. आजच्या वर्डच्या डॉक्स आणि रायटरच्या ओडीटी या दोन्ही फाइली खरे तर झिप आहेत. डॉक्समध्ये 'डॉकप्रॉप्स' फोल्डरात 'कोअर' आणि 'अॅप' नावाच्या फाइलींत लेखक, शेवटचा बदल करणारा, कंपनी, एकूण वेळ. ओडीटीमध्ये 'मेटा' नावाच्या फाइलीत तेच. पण टिपण्या आणि मागोवा घेतलेले बदल तिथे नसतात, ते मजकुराच्या भागात असतात, प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव. अहवालाचा मसुदा पाच जणांनी फिरवला असेल तर आधी बदल स्वीकारा, टिपण्या काढा, मग रायटरच्या सुरक्षेच्या पर्यायांत 'जतन करताना वैयक्तिक माहिती काढा' ही खूण करा.

दुसऱ्याची डॉक्स फाइल रायटरमध्ये उघडून जतन केली तर मांडणी हलू शकते. फक्त नोंद बदलायची असेल तर आर्काइव्ह मॅनेजरने ती झिपसारखी उघडा, कोअरची फाइल बाहेर घेऊन टेक्स्ट एडिटरमध्ये बदला आणि तीच परत आत टाका. सगळे उलगडून पुन्हा झिप करू नका. ओडीटीत 'माइमटाइप' ही फाइल पहिली आणि न दाबलेली असावी लागते, क्रम बदलला की काही प्रोग्रॅम फाइल ओळखत नाहीत. एक्झिफटूल या दोन्ही प्रकारांच्या नोंदी वाचतो, लिहू शकत नाही.

काही फाइलींना हातच लावू नका. डिजिटल सहीचा सातबारा, डिजिलॉकरमधली प्रमाणपत्रे, सही केलेले करार. सही फाइलच्या बाइटांवर असते. शीर्षक बदलले की सहीनंतर फाइल बदलल्याचे दिसते, क्यूपीडीएफने नव्याने लिहिली की सही मोडतेच. वाचनालयाच्या जागेचा असा एखादा कागद त्या फोल्डरात असेल तर तो आधी वेगळा काढा. तसेच कुठल्याही वादाशी संबंधित फाइल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, द्यावे लागते, आणि एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. अशा फाइलचे हॅश 'शा२५६सम' या आज्ञेने काढून लिहून ठेवा आणि फाइल कुलूपबंद करा. सोय म्हणून मेटाडेटा सुधारणे आणि कागदाची तारीख मागे सरकवणे यांत फरक आहे, दुसऱ्या कामात मी कोणालाही मदत करत नाही.

राहिले दोन छोटे मुद्दे. 'टच' आज्ञेने फाइलची बाहेरची तारीख बदलते, आतल्या वह्यांतली नाही. आणि डॉल्फिनसारख्या फाइल व्यवस्थापकात लावलेले टॅग फाइलच्या आत जात नाहीत, ते डिस्कवरच्या जोडनोंदीत राहतात. पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने फाइल गेली की टॅग गळून पडतात. त्यावर मेहनत करू नका.

पहिल्या पाच फाइलींत एक दुकानातला स्कॅन, एक मोबाइलवरचा, एक जुन्या फाँटचा, एक रायटरमधून काढलेला आणि एक सर्वांत लांब नावाचा अंक घ्या. तक्ता भरून परत घाला, क्यूपीडीएफमधून काढा आणि दोन वेगळ्या मोबाइलवर व एका संगणकावर उघडून बघा. तिन्हीकडे एकच शीर्षक दिसले की उरलेले ३९५ सुरू करा.